'इन्व्हेस्टर' बी-३०४ कडून सोसायटीच्या समितीला

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

हे पत्र मी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच टाकणार होते. पण गेल्या महिन्यात तो ग्रुप 'ओन्ली अ‍ॅडमिन' झाला, आणि आता त्यावर टँकर कधी येणार आणि कुणाचा वाढदिवस आहे एवढंच कळतं. त्याआधी सचिवांकडे दोन अर्ज दिले होते. एकाची पोच मिळाली, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे खुलं पत्र. पुण्यात सिंहगड रोडवरच्या बाकीच्या समित्यांनीही वाचलं तरी चालेल. त्यांच्या नोटीस बोर्डावर याहून फार वेगळं काही लावलेलं नसणार.

निमित्त झालं सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेचं. मी वरच्या टाकीच्या गळतीबद्दल बोलायला उठले, तर मागून कोणीतरी म्हणालं, "तुम्ही इन्व्हेस्टर लोक, तुम्हाला काय फरक पडतो?" सगळे हसले. मीही हसले, कारण त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही. घरी येऊन मात्र वही काढून बसले. ३३ वर्षं एका सहकारी बँकेत क्लार्क होते. अपमान झाला की मला आकडेमोड सुचते.

भाड्याने दिलेला बी-३०४ हा ५४० चौरस फुटांचा वन बीएचके आम्ही २००९ साली १४ लाखांना घेतला, त्यातले ११ लाख कर्ज काढून. हप्ता फिटेपर्यंत घरात नवा सोफा आला नाही. पीएफमधलं ईपीएस-९५ चं पेन्शन किती येतं ते ज्यांना येतं त्यांना विचारा. त्यामुळे माझं खरं पेन्शन म्हणजे तुमच्या बी विंगचा तिसरा मजला. इन्व्हेस्टर हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरी फॉर्च्युनर येते. मी सभेला पीएमटीच्या बसने येते. (पीएमपीएमएल म्हणायला अजून जमत नाही.)

तर गेल्या आर्थिक वर्षाचा हिशेब. भाडं महिना १५,०००. फ्लॅट दोन महिने रिकामा राहिला, म्हणजे आले १,५०,०००. गेले ते असे: मेंटेनन्स २६,४००, तुमचं बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता भाड्याने देतो म्हणून लावलेलं) १८,०००, मिळकतकर ९,६००, रंगकाम २१,०००, एजंटला एक महिन्याचं भाडं १५,०००, गीझर आणि नळ ७,८००, कराराची नोंदणी आणि घरी अंगठ्याचं मशीन घेऊन येणाऱ्या मुलाची फी मिळून २,५००, आणि बाथरूमच्या गळतीपायी १८,५००. त्या गळतीबद्दल पुढे सांगतेच. बेरीज १,१८,८००. हातात राहिले ३१,२००. महिन्याला २,६००.

यात मिळकतकराचा आकडा बघून शेजारच्या बी-३०३ च्या काकू चकित झाल्या, कारण तेवढ्याच फ्लॅटचं त्यांचं बिल बरंच कमी येतं. स्वतः राहणाऱ्याला महापालिका ४० टक्के सवलत देते. मधल्या काळात ती बंद झाली होती, २०२३ मध्ये परत आली आणि सगळे पीटी-३ अर्ज भरायला धावले. "तुम्हीही भरून टाका, कोण बघायला येतंय?" असं मला आपल्याच ऑफिसात सुचवलं गेलं. मी भरला नाही. मी तिथे राहत नाही, हे मला माहीत आहे.

मग विकून का टाकत नाही, असं मुलगीही विचारते. विकून मुदत ठेवीत टाकले तर व्याज याच्या कितीतरी पट येईल, हे बँकेत जन्म काढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. पण गेली सोळा-सतरा वर्षं या भिंतींनी भाव वाढवून दाखवलाय, आणि ठेवीच्या पावतीला खिडकी नसते. त्यात शहाणपण किती आणि हट्ट किती, ते मीही नीट सांगू शकणार नाही.

आता तुमच्या १८,००० कडे वळू. मला जे ३१,२०० मिळाले त्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम तुम्ही केवळ मी तिथे राहत नाही म्हणून घेतलीत. महिना १,५००. हा आकडा कुठून आला, असं मी विचारलं तेव्हा खजिनदार म्हणाले, "जनरल बॉडीचा ठराव आहे." ठराव आहे हे खरंच. पण राज्य शासनाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली १ ऑगस्ट २००१ रोजी आदेश काढला की बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही, आणि त्या सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. मुंबईतल्या एका सोसायटीने त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि २००७ मध्ये न्यायालयाने शासनाचं म्हणणं उचलून धरलं. सभेत हात वर करून हा आकडा वाढत नाही. तसं होत असतं तर राहणारे बहुसंख्य न राहणाऱ्यांकडून वाटेल ते वसूल करू शकले असते. आणि नेमकं तेच चाललंय: ८४ फ्लॅटांपैकी ३१ भाड्याने, म्हणजे ५३ विरुद्ध ३१, आणि त्या ३१ पैकी सभेला येतात चौघं.

माझ्या बिलात सेवा शुल्क आहे १,४००. बाकीचं दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, पाणी. १,४०० चे १० टक्के म्हणजे १४०. तुम्ही घेता १,५००. शून्य चुकलं असेल असं आधी वाटलं होतं, पण शून्य चुकूनसुद्धा हा आकडा येत नाही.

याचा परिणाम काय झालाय तेही बघा. सी विंगमध्ये किती भाचे आणि पुतणे राहतात ते वॉचमनला विचारा. मालकाच्या जवळच्या कुटुंबातलं कोणी राहत असेल तर शुल्क लागत नाही, म्हणून भाडेकरू एका रात्रीत नातेवाईक होतात. (भाचा त्या यादीत बसतो का, हे कोणी तपासत नाही. मामा समितीत असला की झालं.) भाचा म्हटल्यावर करार नाही, करार नाही म्हणून पोलिसांकडे नोंद नाही. म्हणजे 'सुरक्षेच्या दृष्टीने' तुम्ही जे काही मागता ते सगळं त्या १,५०० रुपयांनी बुडवलंय. खरं बोलणारी मी १८,००० भरते आणि खोटं बोलणाऱ्याला गणपतीत प्रसादाचं ताट घरपोच जातं.

गणपतीवरून आठवलं. माझ्या भाडेकरूंकडून ५०१ रुपये वर्गणी घेतली, पावती फाडली. आरतीच्या यादीत मात्र फक्त मालकांचे फ्लॅट. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाने रोज खाली येऊन यादीत ३०४ शोधला. यासाठी कुठलंही कलम नाही, म्हणून मागणीही नाही. पण मला ते सांगायचं होतं.

पैशापेक्षा मला जास्त खुपतं ते 'परवानगी' प्रकरण. गेल्या वर्षी रंगकाम झाल्यावर फ्लॅटसाठी पहिला फोन आला दोन मुलींचा. दोघी एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये नर्स, एक लातूरची, एक चंद्रपूरची. भाडं कमी करा म्हणाल्या नाहीत, उलट खिडकीला जाळी आहे का एवढंच विचारलं. मी टोकन घेतलं. मग सचिवांनी त्यांना रविवारी अकरा वाजता ऑफिसात 'भेटायला' बोलावलं. लग्न कधी करणार, रात्रपाळी किती असते, रात्री सोडायला कोण येतं, असले प्रश्न झाले. ज्या मुलीला रात्री तीन वाजता आयसीयूत तुमच्या-माझ्यासारख्यांच्या वडिलांचं डायपर बदलावं लागतं, तिला तुम्ही विचारलंत रात्री कुठे असता. मला निरोप आला की 'बॅचलर्सना एनओसी मिळणार नाही'. मुली टोकन परत घ्यायला आल्या तेव्हा त्याच मला म्हणाल्या, "काकू, राहू द्या, आम्हाला सवय आहे." फ्लॅट आणखी एक महिना रिकामा राहिला. १५,००० माझे गेले. त्या मुली शेवटी कुठे गेल्या, माहीत नाही.

त्यानंतर मी आपले उपविधी, म्हणजे सोसायटीचे नियम, वाचून काढले. २०१४ चे आदर्श उपविधी आपण सभेत स्वीकारलेत, त्याची प्रत ऑफिसच्या कपाटात दिवाळीच्या माळांखाली आहे. त्यात स्पष्ट आहे की सभासदाला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं, सोबत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आणि पोलिसांना कळवल्याची प्रत जोडायची. संपलं. मुलाखत नाही, एनओसी नाही, आणि ३,००० रुपयांचा 'मूव्ह-इन चार्ज' तर कुठेच नाही. लिफ्टला ओरखडा पडला तर जरूर भरपाई मागा. पडायच्या आधीच मागू नका.

इथे मला एक कबुली द्यायला हवी, नाहीतर पत्र खोटं होईल. तीन-चार वर्षांपूर्वी एका तरुणाचा फोन आला होता. चांगली नोकरी, नवरा-बायको दोघंच. मी सवयीने आडनाव विचारलं, त्याने सांगितलं, आणि मी म्हणाले, "अहो, कालच गेला फ्लॅट." गेला नव्हता. पुढे सहा आठवडे रिकामा होता. सोसायटीच नको म्हणेल, उगाच त्यांना त्रास, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता सांगते, तुमचं नाव पुढे करणं मला सोयीचं होतं. त्याने फोन ठेवताना "थँक यू मॅडम" म्हटलं होतं. त्यालाही सवय असावी.

तुमच्यातले काहीजण म्हणतील, परवानगी नको म्हणता, मग उद्या भानगड झाली तर जबाबदार कोण? मीच. कायद्याने मीच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असणं ही घरमालकाची जबाबदारी. नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि करार नसताना वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं ओझं माझ्यावर. '११ महिन्यांचा आहे, नोटरी पुरे' असं अजूनही पुष्कळ मालकांना वाटतं. इतर राज्यांत असेल तसं, महाराष्ट्रात नाही. शिवाय नोंदणी काही फार महाग नाही: ११ महिन्यांचं भाडं आणि ५०,००० डिपॉझिटवरचं मानीव (म्हणजे मिळालं असं धरलेलं) व्याज मिळून पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे मला सव्वाचारशेच्या आसपास, आणि शहरात नोंदणी फी १,०००. त्या सी विंगच्या मामांना एवढं जरूर सांगा.

जबाबदारी कशी निभवावी लागते त्याचंही एक उदाहरण देते. २०१८ मध्ये एक गृहस्थ करार संपल्यावर चार महिने हलले नाहीत. त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि मुदत संपल्यावर राहिलेल्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. एका वकिलांनी सांगितलं, "मिळेल, पण तोपर्यंत फेऱ्या मारा." मी तेव्हा नोकरीत होते, रजा शिल्लक नव्हत्या. मी दोन महिन्यांचं भाडं सोडून दिलं, टेम्पोचे पैसेही दिले आणि किल्ली घेतली. महावितरणचं ३,४०० चं बिल मागे राहिलं होतं, तेही भरलं. त्या वेळी मी समितीकडे मदत मागायला आले होते. उत्तर होतं, "तुमचा भाडेकरू, तुम्हीच बघा." मला तेव्हा ते पटलं होतं. पण मग आत येताना तो तुमचा आणि बाहेर जाताना माझा, असं कसं?

आता गळती. गेल्या वर्षी जुलैत बी-३०४ च्या बाथरूमच्या छताला आधी घाम फुटल्यासारखे थेंब दिसले, मग पोपडे आले, आणि गणपतीपर्यंत भाडेकरूंनी खाली बादली ठेवली. वर बी-४०४, तिथे आपले एक समिती सदस्य राहतात. सोसायटीच्याच प्लंबरने पाहून सांगितलं, "मॅडम, वरचा नहाणी ट्रॅप गेलाय. फरशी काढून कोबा फोडावा लागेल, नुसती पांढरी सिमेंट भरून भागायचं नाही." वरचे म्हणाले, "आमच्याकडे तर काहीच गळत नाही." बरोबर आहे. पाणी खाली जातं.

मी तेव्हाही एक अर्ज दिला होता. तुम्ही 'दोन सभासदांमधली अंतर्गत बाब' असा शेरा मारलात. खर्चापुरतं ते बरोबर आहे, एका फ्लॅटच्या संडास-बाथरूममधून दुसऱ्यात होणाऱ्या गळतीचा खर्च त्या त्या सभासदांनीच करायचा असतो. पण पूर्वसूचना देऊन फ्लॅटची पाहणी करणं आणि दुरुस्ती करायला सांगणं, हे समितीच्या हातात आहे, तेही त्याच उपविधींत लिहिलंय. तुम्हाला पाहणी करता येत नाही असं तर नाहीच. माझ्या भाडेकरूंकडे गावाहून पाच पाहुणे आले होते तेव्हा रात्री साडेनऊला तिघं सदस्य दारात उभे होते. चारशे-चारची बेल वाजवायला मात्र तीन महिन्यांत कोणाला जिना चढवला नाही.

दसऱ्याला भाडेकरू सोडून गेले. भले लोक होते, सप्टेंबरचं पूर्ण भाडं देऊन गेले आणि बादली तिथेच ठेवून गेले. शेवटी मीच वर जाऊन हात जोडले. निम्मा खर्च मी देते, पण काम करा. दुसऱ्याच्या बाथरूमच्या फरशीला मी १८,५०० रुपये दिले. त्यांनी त्या निमित्ताने टाइल्सही बदलल्या, फिकट निळ्या, छान दिसतात.

मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार का केली नाही, असं माझ्या जुन्या बँकेतल्या मैत्रिणीने विचारलं. कारण सांगते, आणि छोट्या घरमालकाची खरी अडचण हीच आहे. मी तक्रार करणार कार्यालयात, आणि तुमच्या राज्यात राहणार माझा भाडेकरू. त्याच्या स्कूटरचा स्टिकर अडेल, त्याचा पाण्याचा कॉक दुरुस्त व्हायला आठवडा लागेल, त्याच्या मुलाला खाली खेळताना कोणीतरी 'तुम्ही रेंटवाले ना?' विचारेल. तो माझ्यासाठी हे का सोसेल? महिन्याची नोटीस देऊन जाईल. दहा फ्लॅट असणाऱ्याला एक रिकामा परवडतो. ज्याचा एकच आहे त्याचं उत्पन्न त्या दिवशी शून्य होतं. म्हणून आम्ही ३१ जण गप्प १,५०० भरतो. ही आमची संमती आहे असं कृपया धरू नका.

मागची सगळी वर्षं उकरून काढायची मला हौस नाही. चालू वर्षाचं बघू. एप्रिल ते ऑक्टोबर सात महिने तुम्ही माझ्याकडून दरमहा १,३६० जास्त घेतलेत, म्हणजे ९,५२०. ते पुढच्या बिलांत वळते करून घ्यावेत, आणि नोव्हेंबरपासून बिनभोगवटा शुल्क १४० लावावं. मूव्ह-इन चार्ज मी भरणार नाही आणि माझ्या भाडेकरूंनाही भरू देणार नाही. नोटीस बोर्डावरचा 'बॅचलर्सना प्रवेश नाही' हा कागद कोणत्या ठरावाने लागला त्या ठरावाची प्रत मला हवी. प्रत मागणं हा सभासदाचा हक्क आहे, लागेल ती फी भरते. हे सगळं विशेष सभेपुढे ठेवायचं असेल तर ठेवा. बाकीच्या ३० जणांना मी स्वतः फोन करणार आहे. त्यातले सतरा नंबर आजवर मिळालेत.

आणि हेच पत्र आठ दिवस आधीची सूचनाही समजावी. १ नोव्हेंबरपासून बी-३०४ मध्ये दोघी जणी राहायला येत आहेत. एक फिजिओथेरपिस्ट, एक एमपीएससीचा अभ्यास करणारी तिची धाकटी बहीण. दोघी अविवाहित. एक स्कूटर आहे, बी विंगखालची माझी जागा रिकामीच असते, तिथे लागेल. रविवारी अकरा वाजता त्या येणार नाहीत, मी येईन. काय विचारायचं ते मला विचारा.

आपली,
बी-३०४ ची सभासद

सोबत: १) नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत २) पोलिसांकडे ऑनलाइन दिलेल्या माहितीची पावती ३) १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाची प्रत, नोटीस बोर्डावर लावण्यासाठी. ड्रॉइंग पिनाही जोडल्या आहेत.